अज्ञानातला अ

प्रश्न आता एका शब्दापुरता उरला होता, आणि तो शब्दही बाळंभट बरोबर घेऊनच आले होते.

ओटीच्या अगदी कडेला, एक पाय पायरीवर ठेवून ते बसले होते. या घरचे पाणी नाकारण्याचा प्रसंग येऊ नये म्हणून त्यांनी तोंडात आधीच विडा धरला होता. घरचा मुलगा हरी याने तरीही रीत म्हणून विचारले, "पाणी आणू?" तेव्हा त्यांनी फुगलेल्या गालाकडे बोट दाखवले आणि हसल्यासारखे केले. तीन वर्षे या घराची पायरी न चढलेला माणूस कडेला का होईना पण टेकला, एवढ्यानेच दाराआड उभ्या असलेल्या अक्कांचा जीव थोडा खाली आला होता.

गोपाळकृष्णपंत समोर बसून ऐकत होते. उभा जन्म घाटातल्या बोगद्यांच्या आणि पुलांच्या कामावर ओव्हरसियर म्हणून गेलेला. कोणी काही सांगू लागले की ते सांगणे कोणत्या खांबावर उभे आहे, हे शोधत राहण्याची त्यांना सवयच जडली होती.

"दोषाचे प्रकार दोन," विडा एका गालातून दुसऱ्या गालात सारत बाळंभट म्हणाले. "एक ज्ञानतः, म्हणजे जाणूनबुजून केलेला. त्याचे प्रायश्चित्त मोठे, आणि ते ज्याचे त्यानेच करायचे. गेलेल्या माणसाच्या हातून ते आता कसे घडणार? तो रस्ता बंद. दुसरा दोष अज्ञानतः. अजाणता घडलेला. तिथे पतीने पत्नीच्या वतीने पंचगव्य घ्यावे, संकल्प सोडावा, संपले. ब्रह्मवृंदाशी मी बोललो आहे. कोणाची हरकत नाही."

"म्हणजे म्हणायचं काय?" दाराआडून अक्कांनी विचारले.

"म्हणायचे एवढेच की वहिनी कडावला आजारी मुलीला पाहायला गेल्या. उन्हाची वेळ. तहान लागली. कोणी वाटी पुढे केली. त्यांना वाटले औषधाचे पाणी आहे. ती निघाली कुणब्याघरची पेज. त्यांना ठाऊकच नव्हते!"

"असंच झालं असणार," अक्का घाईने म्हणाल्या. "वहिनी कामात असली म्हणजे तिला समोरचं दिसत नसे."

गोपाळकृष्णपंतांनी बहिणीकडे पाहिले. तीन वर्षांपूर्वी याच अक्का, "जाणूनबुजून घर बुडवलंस!" म्हणून भावजयीशी महिनाभर बोलल्या नव्हत्या.

"उद्या अविधवा नवमी," बाळंभट उठता उठता म्हणाले. "सकाळी प्रायश्चित्त उरकू. लगोलग माझी सौभाग्यवती सवाष्ण म्हणून जेवायला बसेल. माझ्या घरची बाई या घरी जेवली, हे गावाला दिसले की पुन्हा कोणी शब्द काढणार नाही. आणि पनवेलचे पाहुणेही त्याच वेळी ओटीवर असणार. त्यांच्या डोळ्यांदेखत होईल. पंत, एका अक्षराचे काम आहे. ज्ञानतः नव्हे, अज्ञानतः."

"समजले," गोपाळकृष्णपंत म्हणाले.

आणि त्यांना खरोखरच समजले होते. नवऱ्याच्या आधी, कुंकवासकट गेलेल्या बाईसाठी पितृपक्षातल्या नवमीला सवाष्ण जेवू घालायची असते. सवाष्णीच्या मुखाने ती गेलेली बाई जेवते. वर्षश्राद्ध त्यांनी नाशिकला जाऊन केले होते. तिथल्या गर्दीत कोण कोणाचा, हे कोणी विचारले नाही. सवाष्ण मात्र घरीच जेवावी लागते, आणि कर्जतातल्या एकाही ब्राह्मणाच्या घरची सवाष्ण या घरात पाण्याचा थेंब घ्यायला तयार नव्हती.

बाळंभट दिसेनासे झाल्यावर हरीने सुटकेचा श्वास टाकला. "नाना, उद्या एवढं कराच. मी मुंबईहून रजा काढून त्यासाठीच आलोय."

"करतो म्हटलं ना."

"तुमचं 'समजले' मला माहीत आहे. समजतं सगळं, पण होत नाही." हरी जवळ आला. "माझा मुलगा दीड वर्षाचा होईल आता. या ओटीवर तो एकदा तरी रांगलाय का? सासरे म्हणतात, वाळीत टाकलेल्या घरी लेक पाठवणार नाही. मी पुण्याला जाऊन पाहुण्यासारखा माझ्याच बायकोला भेटतो. आईनं ती वाटी तोंडाला लावताना आमचा विचार केला होता?"

"हळू बोल," अक्का म्हणाल्या. "इंदू आत आहे."

"इंदूसाठीच बोलतोय! पनवेलच्या आठल्यांसारखं स्थळ दुसऱ्यांदा यायचं नाही. मुलाला लिहिता-वाचता येणारी बायको हवी, म्हणून आपल्याकडे वळले तरी. त्यांची अट एकच आहे, वाळीत पडलेलं घर नको."

हरीच्या बोलण्याला खांब होता, आणि तो मजबूत होता. उद्या तो शब्द उच्चारायचा, असे गोपाळकृष्णपंतांनी मनाशी पक्के केले. ते कागदावर बिनचूक सही करीत, तितकेच पक्के.

दुपारी मात्र त्यांना चैन पडेना. ज्या ओटीच्या कडेला बाळंभट बसले होते, तिच्या दुसऱ्या टोकाला चाळलेल्या वाळूने भरलेले लाकडी तबक भिंतीला टेकून उभे होते. हीच त्यांच्या पत्नीची शाळा. मुली तबकाभोवती बसत आणि बोटाने वाळूत अक्षरे काढीत.

त्या शाळेचा पाया मात्र घाटात पडला होता. बोगद्याचे काम चालू असताना ती पहिल्यांदा त्यांच्याकडे राहायला आली. संध्याकाळी ते कामावरून येत तेव्हा अंगरखा दगडाच्या भुकटीने पांढरा झालेला असे. ती तो झोपडीच्या दारात झटकी. एकदा झटकल्यावर जमिनीवर बसलेल्या त्या पांढऱ्या थराकडे पाहत ती म्हणाली, "तुमचं ते लिहिणं यावर येईल का हो?" त्यांनी बोटाने अ काढला.

"हे काय?"

"अ."

"म्हणजे काय?"

"नुसत्या अ-ला काही अर्थ नसतो. पुढे शब्द लागला की येतो."

ती बराच वेळ त्या अक्षराकडे पाहत राहिली होती. मग म्हणाली, "बिचारा. माझ्यासारखाच दिसतो." पुढे वर्षभरात ती त्यांची मोजमापे तोंडाने वाचून दाखवू लागली, आणि आणखी काही वर्षांनी, कर्जतला घर झाल्यावर, तिने शेजारच्या मुली ओटीवर गोळा केल्या. गावाने कुचेष्टेने तिला 'पंतोजीणबाई' म्हणायला सुरुवात केली. ती त्या नावाला ओ देऊ लागली, तेव्हा कुचेष्टेतली मजा गेली आणि नाव तेवढे उरले.

तिच्या शाळेत चूक झाली म्हणून कोणी मार खाल्ला नाही. "मला येत नाही" असे खुशाल म्हणावे. ती पुन्हा शिकवी. राग यायचा तो एकाच गोष्टीचा. काही मुली सोयरीक ठरताना पाहुण्यांसमोर "वाचता येत नाही" असे सांगत. शिकलेली सून लोकांना नको असेल, या भीतीने त्यांच्या आयाच त्यांना तसे पढवीत. हे कानावर आले की ती पेटून उठे. "येत नाही म्हणायला लाज नाही. येत असून येत नाही म्हणायचं, ही या ओटीवर एकच चूक आहे." आणि त्या मुलीला ती तबकाशी उभी करी.

आणि कडावची गोष्ट? ती तर त्यांनी तिच्याच तोंडून ऐकली होती. तापाची साथ होती. कडावची चंद्रा, तिची विद्यार्थिनी, आठवडाभर ओटीवर आली नाही, म्हणून ही कोयनेलची पूड घेऊन चालत गेली. सरकारी औषध पाजून मारतात, अशी आवई तेव्हा गावोगाव उठलेली. पोरीने दात घट्ट मिटून घेतले. तिच्या आईने औषध पेजेत कालवले, तरी ती घेईना. शेवटी चंद्रा म्हणाली, "बाई, तुमी आदी प्या, मंग मी पिते."

त्या दिवशी तिन्हीसांजेला पत्नी परत आली, पाय धुतले आणि इथेच ओटीवर बसून, जणू बाजारातून भाजी आणल्याचे सांगावे तसे म्हणाली, "आज मी चंद्राच्या घरची पेज प्याले. वाटीभर. चांगली होती. मीठ जरा जास्त."

गावाने ब्राह्मणांच्या मुली शाळेतून काढून घेतल्या तेव्हा ती म्हणाली होती, "बरं झालं, ओटी लहानच पडत होती." दुसऱ्या दिवशी तिने उरलेल्या मुलींना ऐसपैस बसवले. आत येऊन मात्र चुलीपुढे तोंड करून ती कितीतरी वेळ उभी राहिली. विस्तव कधीच विझला होता.

"नाना."

इंदू पुढे येऊन उभी होती. हातात चाळणी, कपाळाला वाळू. आई गेल्यापासून शेतकऱ्यांच्या घरच्या चार-दोन मुलींना तीच अक्षरे गिरवायला लावी.

"उद्या तुम्ही म्हणणार, की आईला कळलं नव्हतं?"

"शास्त्रात तसा शब्द आहे, बाळ."

"पण आईला कळलं होतं."

"हो."

इंदू चाळणीच्या काठावर बोट फिरवत राहिली. "मग ती इथे असती तर आपल्याला तबकाशी उभं केलं असतं तिनं."

गोपाळकृष्णपंतांनी भिंतीला टेकलेल्या तबकाकडे पाहिले.

"मी तुम्हाला अडवत नाही हं, नाना," ती घाईघाईने म्हणाली. "मला पनवेलला जायचं आहे. त्यांच्याकडे पुस्तकांचं कपाट आहे म्हणे, भिंतीएवढं. म्हणून मी विचारणारच नव्हते. पण विचारल्यावाचून राहवेना."

ती आत गेली. ती हट्टाने 'नको' म्हणाली असती तर बरे झाले असते, असे त्यांना वाटले. निदान एका बाजूचे ओझे उतरले असते. आता दोन्ही पारड्यांत तीच बसली होती.

नवमी उजाडली ती लख्ख. घरामागच्या खाचरात भात पोटरीत आले होते. हिरामण कडावहून पहाटेच दूध आणि केळीची पाने घेऊन आला; चंद्राची आणि त्याची लग्नगाठ मागच्या वैशाखात बांधली गेली होती. बाईंची नवमी म्हणून चंद्राही बरोबर आली. "समदं झालं की नमस्कार करून जाऊ," असे सांगून ती दोघे अंगणातल्या आवळ्याखाली बसली. अक्कांनी त्यांना पाहिले आणि न पाहिल्यासारखे केले. आजच्या दिवशी नेमकी हीच पोर अंगणात, याचा त्यांना धसका बसला होता.

अक्का पहाटेपासून सोवळ्यात रांधत होत्या. खीर झाली, वडे व्हायचे होते. दर थोड्या वेळाने त्या चुलीपासून उठून दारापर्यंत येत आणि हरीला विचारीत, "आले का रे?"

मुलाचे वडील भिकाजीपंत आठल्ये लोधिवलीला मुक्काम करून बैलगाडीने आले. माणूस बारीक अंगाचा, बोलण्यात मोजका. ओटीवर त्यांना बसायला घातले, पुढे गूळ आणि पाण्याचे फुलपात्र ठेवले. त्यांनी फुलपात्राकडे पाहिले, हात मात्र लावला नाही. "होऊ दे तुमचे," ते म्हणाले. "मग घेतो."

हरी त्या फुलपात्रावरून नजर काढीना.

आतल्या पडवीत बाळंभटांची पत्नी केस सोडून बसली होती. जेवणाआधी सवाष्णीला तेल लावायचे म्हणून इंदू वाटी घेऊन तिच्या मागे बसली. माजघरात गोपाळकृष्णपंत पाटावर बसले. समोर ताम्हण, पळी, दर्भ, पंचगव्याची वाटी. ओटीचे दार मुद्दाम उघडे ठेवले होते. आठल्यांना सगळे दिसावे आणि ऐकू जावे म्हणून.

"हातात पाणी घ्या," बाळंभट म्हणाले. "मी सांगतो तसे म्हणा. मम पत्न्याः. आता नाव."

गोपाळकृष्णपंत थांबले.

"नाव घ्या पंत. वहिनींचे."

एवढ्या वर्षांच्या संसारात त्यांनी पत्नीचे नाव मोठ्याने कधी घेतले नव्हते. "अगं", "ऐकलंस का", "हरीची आई" एवढ्यावर सारे निभावले होते. घाटात दरड कोसळली त्या दिवशी, धुळीत ती दिसेनाशी झाली तेव्हासुद्धा, त्यांनी "अगं" म्हणूनच हाक मारली होती.

"सत्यभामायाः," ते म्हणाले.

आवाज त्यांनाच अनोळखी वाटला. स्वयंपाकघरात कढईत वडा सोडण्याचा आवाज थांबला. माजघरातल्या त्या अर्ध्या उजेडात, ती हाक ऐकून कोणीतरी हातातले काम ठेवून दाराशी येऊन उभे राहावे आणि "काय हो?" म्हणून वाट पाहावी, असे त्यांना वाटले.

"अज्ञानतः कृतस्य," बाळंभट पुढे म्हणाले.

तळहातातले पाणी बोटांच्या फटीतून गळू लागले. नुसत्या अ-ला काही अर्थ नसतो. पुढे शब्द लागला की येतो.

"ज्ञानतः कृतस्य," गोपाळकृष्णपंत म्हणाले.

"अज्ञानतः. अ राहिला."

"राहिला नाही, भटजी. लावला नाही."

क्षणभर कोणालाच काही उमजले नाही. मग बाळंभटांचा चेहरा लाल झाला. "पंत! पोरखेळ आहे हा? मी सगळ्या गावाला शब्द दिलाय!"

"तुम्ही माझ्यासाठी पुष्कळ खटपट केलीत. मी काल खरोखर म्हणणार होतो. आज तिचं नाव घेतल्यावर जमेना." त्यांनी उरलेले पाणी ताम्हणात सोडले. "तिला ठाऊक होतं. पेज कोणाची, घर कोणाचं, वाटी कोणाची, सगळं. पोर जगली. यात अजाणता काय झालं?"

"मग बसा वाळीत! मेलेल्या बाईचं पाप मेल्यावरही फिटू देत नाही, असा नवरा मी पाहिला नाही." बाळंभटांनी पळी-पंचपात्र पंच्यात गुंडाळले. "चल गं, ऊठ!"

त्यांची पत्नी अर्ध्या डोक्याला तेल आणि अर्धे कोरडे अशी गडबडून उठली. तिने एकदा इंदूकडे पाहिले. काही बोलावे असे तिच्या ओठांवर आले होते, पण नवरा अंगणात पोचला होता. पदर डोक्यावर ओढून ती त्याच्यामागे गेली.

"झालं समाधान?" हरी ओरडला. "नाना, एक अक्षर! पुलाच्या कामात कधी एक दगड कमी-जास्त झाला नाही का तुमच्या?"

"झाला. पण हिशेबात तो होता तसाच मांडला."

"तुमच्या खरेपणाच्या पायी माझं पोर परकं झालंय!" हरीने कपाळावर हात मारून घेतला आणि तो मागच्या दाराने निघून गेला.

गोपाळकृष्णपंत ओटीवर आले. ज्या माणसाशी खरे बोलणे सर्वांत अवघड, तो अजून तिथेच बसला होता.

भिकाजीपंत उपरणे सारखे करीत उठले. "पंत, तुम्हाला एकच अक्षर खोटं बोलायचं होतं."

"होय."

"माझ्या मुलाला शिकलेली बायको हवी आहे. मला शांत घर हवं आहे. दोन्ही एका मांडवात कशी बसवायची, ते मला घरी जाऊन पाहावं लागेल." ते पायरीपर्यंत गेले. "तुमच्या घरात फसवणूक नाही, एवढं मात्र मी सांगेन. कळवतो."

मुलीच्या बापाला 'कळवतो' या शब्दाचा अर्थ सांगावा लागत नाही. गाडी वळली, तांबड्या मातीत चाकोऱ्या उमटल्या. गुळाला मुंग्या लागल्या होत्या. फुलपात्रातले पाणी तसेच होते.

दाराच्या चौकटीला धरून इंदू उभी होती. ती रडत नव्हती. गाडी गेली त्या वाटेकडे मात्र डोळे लावून होती. गोपाळकृष्णपंतांना तिच्याकडे जाऊन काही सांगावेसे वाटले. पण 'सगळे ठीक होईल' असे म्हणण्याची सोयही आता त्यांनी स्वतःला ठेवली नव्हती.

"गोपाळा!" अक्का बाहेर आल्या. विधवेच्या आलवणाला पीठ लागलेले, डोळे धुराने की कशाने लाल. "तू तुझं खरं करून मोकळा झालास. ऊन बघ कुठं आलंय! मध्यान्ह टळली की संपलं. वडे गार होतायत. माझी वहिनी येऊन दारात उभी असेल, नि तिला जेवू घालायला घरात सवाष्ण नाही! तिला उपाशी परत पाठवू मी? महिनाभर बोलले नव्हते मी तिच्याशी. त्या महिन्यातसुद्धा ती माझं ताट रोज वाढून ठेवत होती, माहीत आहे तुला?"

त्यांना माहीत नव्हते.

अंगणात हिरामण उठून उभा राहिला होता. "चल गं, चंद्रे. आपलं हितं आता काय काम नाय."

"माज्यामुळंच झालं ह्ये समदं," चंद्रा पुटपुटली. "मी तवा गप पेले आस्ते तर..."

"ए पोरी!" अक्कांनी हाक मारली. हाक इतकी तीव्र होती की झाडावरचे पाखरूही उडाले. "चंद्रा ना गं तू?"

"व्हय, आत्याबाई."

"इकडे ये. कुंकू लावतेस ना?"

"लावते जी."

"आणि तो उभा आहे तो तुझाच ना नवरा, का उसना आणलायस?"

हिरामण गांगरला. "खराच हाय जी. मीच हाय."

"मग हातपाय धू नि ओटीवर ये. बस जेवायला."

चंद्रा दोन पावले मागे सरली. "नको, आत्याबाई. बाईंच्या जागंला मी कशी बसू? मला पाप लागंल."

"पाप कोणाला लागायचं ते माझं मी बघते. आत माजघरात नाही हं बसवत मी. तेवढं माझ्यानं व्हायचं नाही, या वयात." अक्कांचा आवाज जरा खाली आला. "ओटीवर बस. ती तरी आत कुठं बसायची? जन्म ओटीवरच गेला तिचा."

गोपाळकृष्णपंतांनी स्वतः पाट आणला, वाळूच्या तबकाशेजारी मांडला. चंद्रा पाटाच्या बाजूला, जमिनीवर बसली. "पाटावर, चंद्रा," ते म्हणाले. ती कशीबशी पाटाच्या काठावर टेकली. इंदूने तेलाची वाटी आणली आणि तिच्या केसांना तेल लावले, कपाळाला हळदकुंकू लावले. एकाच तबकावर गिरवलेल्या त्या दोघी. दोघींनीही एकमेकींकडे पाहायचे टाळले, कारण पाहिले असते तर रडू आले असते.

हिरामण पायरीखाली उकिडवा बसला होता. बायकोला एकटी सोडून जायलाही त्याचा जीव धजत नव्हता आणि पाहायलाही.

अक्का वाढायला आल्या. पान जमिनीवर, हात कमरेच्या वर. विटाळ होऊ नये म्हणून त्या उंचावरून वाढत होत्या. चिमूट सोडली तर मिठाचे दाणे पानाबाहेरच जास्त उडाले. त्यांनी दुसरी चिमूट घेतली.

"मीठ बेतानंच वाढा, आत्याबाई," चंद्रा खाली मान घालून म्हणाली. "नायतर बाई म्हनतील, हितंबी खारट."

"काय म्हणालीस?"

"त्या दिशी बाई पेज पेल्या ना, तवा आयला म्हनल्या, 'चंद्राच्या आई, पेज झकास, पन मीठ जास्त पडलंय गं.' आय लाजून पानीपानी झाली. मला हसू आलं. एवढा ताप व्हता तरी हसू आलं. मंग मी पेले."

गोपाळकृष्णपंतांनी खांबाचा आधार घेतला. जवळजवळ तेच शब्द. ती कडावहून आली त्या तिन्हीसांजेला याच ओटीवर बोललेले, आणि त्यांनी आजवर कोणालाही न सांगितलेले.

अक्का चिमूट हातात धरून तशाच उभ्या राहिल्या. "म्हणजे..." त्या हळूच म्हणाल्या, "चव घेऊन प्याली होती की! नि आम्ही म्हणायला निघालो, तिला कळलंच नाही!"

त्यांच्या तोंडून हसण्यासारखा आवाज निघाला. मग त्या गुडघे धरून, चौकटीचा आधार घेत, जमिनीवर बसल्या, थेट पानासमोर. सोवळ्याचे आलवण चंद्राच्या लुगड्याला लागले. ते त्यांनी सोडवून घेतले नाही. बोटांनी त्यांनी पानाच्या कडेला बेताचे मीठ ठेवले आणि उडालेले दाणे एकेक वेचून बाजूला केले.

"पुन्हा अंघोळ करावी लागेल," त्या स्वतःशीच म्हणाल्या. "करीन. खीर गार झाली असेल तर सांग. नि सावकाश जेव, वहिनी सावकाश जेवायची."